बागेची विचारपूस : चिऱ्याची भिंत आणि मातीच्या कुंड्या

प्रश्न : म्हापशातल्या आमच्या सोसायटीत पार्किंगमागच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर मातीच्या चाळीस कुंड्यांत देशी रोपांची उभी बाग करायचं ठरलंय. भिंतीत हुक मारून कुंड्या टांगल्या तर चालतील का?

उत्तर : हुक नकोत. आठ इंची कुंडी ओल्या मातीसकट सात-आठ किलो भरते, म्हणजे चाळीस कुंड्यांचं ओझं तीनशे किलोच्या घरात जातं. चिरा मऊ असतो, त्यात बसवलेला फास्टनर हळूहळू सैल होतो. सांध्यातल्या मसाल्यात तर त्याहून लवकर. शिवाय कुंडी भिंतीला टेकली की मागचा भाग पावसाळाभर वाळत नाही.

त्याऐवजी दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची, जमिनीत काँक्रीटमध्ये पाय रोवलेली चौकट उभी करा. दहा फूट लांब, चार ओळी. सगळ्यात खालची ओळ जमिनीपासून एक फुटावर आणि वरची पावणेपाच फुटांवर ठेवा. हात पोचत नाही त्या कुंडीकडे कोणी बघत नाही. कुंडीची मागची कड आणि भिंत यांत चार इंच मोकळे सोडा. चौकट वरून दोन ठिकाणी इमारतीच्या काँक्रीटच्या खांबाला किंवा बीमला बांधा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो, म्हणून प्रत्येक सांध्याला झिंक प्रायमर हवाच.

चौकटीवर कुंड्या बसवायच्या गोल कड्या मात्र आधी करून घेऊ नका. चाकावर घडवलेल्या कुंड्यांचा घेर अर्धा-पाऊण इंच कमीजास्त असतो. आधी कुंड्या आणा, काठाखाली मोजा, मग सहा मिलिमीटरच्या सळईच्या कड्या वळवा आणि त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. डिचोलीच्या कुंभारांना ऑर्डर दिवाळीनंतर लगेच द्यावी. पावसात कच्ची भांडी वाळत नाहीत, भट्टीही लागत नाही. घेताना बोटाने टिचकी मारा : खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची किंवा तडकलेली. लावणीआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरडी कुंडीच मातीतली ओल शोषून घेते.

प्रश्न : वरची रोपं करपतात, खालची कुजतात. सगळ्यांना पाणी सारखंच देतो.

उत्तर : सारखं देता, म्हणूनच. वरच्या कुंडीतून झिरपलेलं पाणी खालच्या ओळीत उतरतं, आणि ऊन-वारा वरच्या ओळीला जास्त. एकाच नळावर वरच्या ओळीला ताशी चार लिटरचे ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या), मधल्या दोन ओळींना दोनचे लावा. खालच्या ओळीला ड्रिपर नकोच. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच हाताने पाणी.

रोपंही त्याच हिशेबाने लावा. वर विष्णुक्रांता आणि शतावरी. मध्ये तुळस, आणि सावली असेल तिथे झुडूपमिरी, म्हणजे वेलाऐवजी झुडपासारखी वाढवलेली काळी मिरी. तिच्यासाठी कुंडी दहा इंची आणि कलम आडव्या, फळ धरणाऱ्या फांदीचं. चढत्या वेलाचा तुकडा लावला तर तो चढायलाच बघतो. खाली ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड, नेचे. तेरड्याचं बी जूनच्या तोंडावर कुठेही टाका. पानफुटी घरोघरी असली तरी ती मूळची मादागास्करची, देशी यादीत धरू नका. ऑर्किड किंवा नेचे रानातून उपटून आणू नका; अभयारण्यातून वनस्पती नेणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. रोपवाटिकेतूनच घ्या.

माती : दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग काथ्याचा भुसा. नुसती लाल माती उन्हात विटेसारखी घट्ट होते. भुसा दोनदा धुवा, त्यात मीठ असतं.

प्रश्न : कुंड्यांवर पांढरे डाग पडलेत आणि काठाचे पापुद्रे निघतात. कुंडी वाईट का?

उत्तर : बहुधा पाणी खारं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खारट होतात. पाणी कुंडीच्या अंगातून उडून जातं, मीठ मागे राहून खडे धरतं आणि माती फोडतं. त्या दोन महिन्यांत नळाचं पाणी वापरा. पावसाळ्यातलं हिरवं शेवाळ निरुपद्रवी आहे, घासू नका. कुंड्यांखाली बशा मात्र ठेवू नका. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात.