सगळं घर आजारी आहे? आधी धडधाकट माणसाला झोपवा

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. चार वर्षांच्या मुलीला रविवारी रात्री उलट्या सुरू झाल्या, ती आता सावरतेय. दहा महिन्यांच्या बाळाला काल सकाळपासून उलट्या आणि पातळ शी. आज दुपारी बायको आडवी झाली. तुम्ही अजून उभे आहात, पण तीन रात्री धड झोपलेला नाहीत. विचारलंत तीन गोष्टी: सगळ्यांना वेगळं कसं ठेवू, बाळाच्या पोटात काही टिकत नाही तर काय करू, आणि आई-बाबा मदतीला यायचं म्हणताहेत तर येऊ देऊ का.

मी डॉक्टर नाही. तीन मुलं वाढवली, त्यातली दोन पाठोपाठची, आणि असा आठवडा आमच्याकडे पाच-सहा वेळा तरी येऊन गेलाय. त्यातून जे शिकले आणि मुलांच्या डॉक्टरांनी जे दर वेळी घोकून घेतलं, ते सांगते.

सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून. तुम्ही झोपणार कधी? रविवार रात्र, मंगळवार सकाळ, बुधवार दुपार, हा क्रम बघा. अचानक उलट्या आणि दीड-एक दिवसानं घरातला पुढचा माणूस, ही चाल बहुतेक वेळा नोरोव्हायरस नावाच्या विषाणूची असते. लागण झाल्यापासून 12 ते 48 तासांत तो डोकं वर काढतो आणि साधारण एक ते तीन दिवस छळतो. म्हणजे तुमची पाळी यायची असेल तर ती उद्या-परवाच. येईलच असं नाही, पण येणार असं धरून आजची रात्र आखा. आत्ता बायको झोपून आहे, मुलगी बरी आहे, बाळ जरा शांत आहे, तर कपडे, भांडी, फरशी सगळं राहू दे. एक तास तुम्ही पाठ टेका. घर आजारानं कोसळत नाही, शेवटचं उभं माणूस न झोपल्यामुळे चुका करायला लागलं की कोसळतं. आमच्याकडे झालेली चूक खाली सांगितलीय.

आता बाळ. उलटी झाल्या झाल्या घाबरून पुन्हा बाटली किंवा भरलेला कप तोंडाला लावू नका, ते सगळं परत बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं काहीच टिकत नाहीये. दहा मिनिटं थांबा. मग ओआरएस, म्हणजे पुडीतलं मीठ-साखरेचं पाणी, चमच्यानं द्या, एक छोटा चमचा, दोन मिनिटांनी दुसरा. हे इतकं क्षुल्लक वाटतं की लोक पाचव्या चमच्याला कंटाळतात. पण हिशेब करा: दर दोन मिनिटांनी 5 मिली म्हणजे तासाला 150 मिली. एवढं पाणी तासाभरात पोटात गेलं आणि उलटीत त्यातलं थोडं पडलं तरी बाळ नफ्यातच असतं. चमचा नको म्हणत असेल तर सुई नसलेली सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडा. उलट्या थांबल्या की प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली द्यायचं, हे दोन वर्षांखालच्या मुलांचं माप आहे. मुलीला याच्या दुप्पट.

पुडी पूर्ण फोडायची आणि पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात विरघळवायची. काही पुड्या लिटरच्या असतात, काही 200 मिलीच्या. अर्धी पुडी अंदाजानं अर्ध्या भांड्यात टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. घट्ट झालं तर बाळाच्या अंगात मिठाचं प्रमाण वाढतं, पातळ झालं तर उपयोग नाही. केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या. आणि ओआरएससारख्या खोक्यात मिळणाऱ्या गोड पेयांवर किंवा फळांच्या रसावर बाळाला ठेवू नका, जास्त साखरेनं जुलाब वाढतात.

चमच्याचमच्यानं काय होणार, असं वाटत असेल तर एक सांगते. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले आणि तिथं कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारी सगळी तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती.

बाळ अंगावर पीत असेल तर ते थांबवू नका, आई आजारी असली तरी. थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजायचं, आधी हात साबणानं धुऊन. बायकोला एवढं एकच काम द्या: पिणं आणि पाजणं. तिच्या उशाशी तिचं वेगळं ओआरएस ठेवा. पाजणाऱ्या बाईच्याच अंगातलं पाणी कमी झालं की ती उठताना भोवंडून पडते. मी पडलेय, बाळ सुदैवानं पाळण्यात होतं.

जुलाब बंद करायचं मोठ्या माणसांचं औषध, म्हणजे लोपेरामाइड वगैरे, मुलांना चुकूनही नको. प्रतिजैविकंही स्वतःच्या मनानं नकोत, विषाणूवर ती काही करत नाहीत आणि पोट आणखी बिघडवतात. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर ते 10 ते 14 दिवसांचं असतं. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली म्हणून बाटली कपाटात जाते, आमचीही गेली होती. तसं करू नका.

बाळाकडे बघताना उलट्या मोजत बसू नका, शू मोजा. सहा-आठ तासांत डायपर ओलं झालं नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ उचललं तरी मान टाकून मलूल पडतंय, शीत रक्त आहे किंवा उलटी हिरवी आहे, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलात तरी निघायचं. चमच्यानं दिलेलंही तासन् तास सगळंच्या सगळं बाहेर येत असेल तरीही तेच. पातळ शीमुळे डायपर कायम ओलंच दिसतं आणि शू झाली का ते कळत नाही, तेव्हा आत पुढच्या बाजूला एक कोरडा कापसाचा बोळा ठेवून बघा.

आता ती चूक. आमचा मधला दीड वर्षाचा असताना घरात तापाची साथ होती. रात्री एक वाजता मी त्याला पॅरासिटामॉल दिलं आणि झोपले. अडीच वाजता नवऱ्याला तो गरम लागला, त्यानंही दिलं. सकाळी बाटली हलकी लागली तेव्हा कळलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वजन विचारलं, हिशेब केला आणि लक्ष ठेवा म्हणाले. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या फ्रिजवर कागद असतो: नाव, औषध, किती मिली, किती वाजता. दिलं की लगेच लिहायचं, बाटली हातात असतानाच. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तास हवेत, 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत, आणि प्रमाण वयावर नाही, वजनावर ठरतं. शिवाय बाटलीवरचा आकडा वाचा. एका सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या तेवढ्याच 5 मिलीत 250. मोठीची बाटली धाकट्याला वापरताना घोळ होतो तो इथेच. उलट्या-जुलाब चालू असताना आयबुप्रोफेन टाळा, अंगात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांना जड जातं. ॲस्पिरिन तर मुलांना द्यायचंच नाही. आणि ताप असूनही मूल शांत झोपलं असेल तर औषधासाठी उठवू नका. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून देतो आपण, थर्मामीटरला नाही.

वेगळं ठेवण्याबद्दल खरं सांगू? चार वर्षांची मुलगी आईच्या खोलीबाहेर रडत बसणार, तुम्ही दार धरून उभे राहणार, आणि विषाणू तोवर तुमच्या हातांवरून फिरून गेलेला असणार. लहान घरात, लहान मुलांबरोबर, पूर्ण विलगीकरण होत नाही. त्यात शक्ती घालवू नका. ती हातांत आणि संडास-बाथरूममध्ये घाला. हात साबणानं आणि वाहत्या पाण्यानंच धुवा. या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसं चालत नाही. दारावर सॅनिटायझरची बाटली टांगून आम्ही एकदा पूर्ण आठवडा निर्धास्त होतो, आणि एकेक करून पाचही जण झोपलो.

उलटी पुसायची पद्धतही महत्त्वाची. पडल्या पडल्या मॉप फिरवला की ती पसरते. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडकी उघडा, हातमोजे घाला, उलटीवर कागद किंवा टाकाऊ फडकी टाका, कडेकडून आत गोळा करून पिशवीत बांधा. मग साबणपाणी, मग ब्लीचचं पाणी. ब्लीच 5 टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिली, आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. त्यात संडास साफ करायचं आम्ल किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. बंद बाथरूममध्ये थकलेलं माणूस हे करून बसतं. फ्लश करताना कमोडचं झाकण लावा. चादरी झटकू नका, गुंडाळून थेट गरम पाण्यात.

मुलगी बरी झाली म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, पण शीतून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही बाहेर पडत राहतो. तिचे हात शीनंतर तुम्ही उभं राहून धुऊन घ्या. शाळेत पाठवायचं ते शेवटच्या उलटीनंतर किंवा पातळ शीनंतर पूर्ण 48 तास गेल्यावरच. या विषाणूचं नावच एका शाळेमुळे पडलंय. 1968 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत उलट्यांची साथ आली, आणि मुलांनी ती घरोघर नेली. हाच 48 तासांचा नियम स्वयंपाकालाही. आजारी असलेल्यानं किंवा नुकत्याच उठलेल्यानं इतरांसाठी रांधू नये. तुमच्याकडे आज रांधायला तुम्हीच आहात, म्हणून सोपं काहीतरी करा किंवा बाहेरून कुणाला तरी आणायला सांगा.

त्यावरून आई-बाबा. माझं मत: आज नाही. अशाच एका आठवड्यात मी आईला बोलावलं होतं. ती दोन दिवस राबली आणि तिसऱ्या दिवशी तिलाच सलाइन लावावं लागलं. वय झालेल्या माणसाचं पाणी पटकन कमी होतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. मग आम्ही दोन घरं सांभाळत बसलो. त्यांना राग येईल असं वाटत असेल तर नकार देऊ नका, काम द्या. औषधं आणि जेवण दाराशी ठेवून जायचं. रात्री साडेनऊ आणि पहाटे पाच वाजता फोन करून तुम्ही उठलात का बघायचं. मुलीला व्हिडिओ कॉलवर तासभर गुंतवायचं. आमच्या बाबांनी एकदा फोनवरून सलग दीड तास हत्तीची गोष्ट सांगितली होती, शेवटी हत्तीलाही कंटाळा आला असेल. मात्र तुम्हीही पडलात आणि बाळाला उचलायला कुणी उरलं नाही, तर हे सगळं विसरा आणि बोलवा. दोघांतलं जे धट्टंकट्टं आहे ते एकच. आल्यापासून त्यांनी बाळाला पाजायचं काम घ्यावं, डायपर आणि उलटीचं नाही.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की काल बायकोशी जोरदार भांडण झालं, कुणी जास्त जागरण केलं यावरून. आमच्यात ते प्रत्येक साथीत झालं, तिसऱ्या रात्री. मग आम्ही रात्र दोन वाजता कापायला लागलो. दोनपर्यंत एक जण, त्यानंतर दुसरा, आणि ज्याची पाळी नाही त्यानं बाळ रडलं तरी उठायचं नाही. बायको आज पाळी घेण्याच्या स्थितीत नाही, तेव्हा आजची रात्र सगळी तुमची आहे. म्हणूनच आत्ता झोपायला सांगतेय.

झोपण्याआधी पाच मिनिटं: ताजं ओआरएस करून झाकून ठेवा, झाकणावर वेळ लिहा. फ्रिजवर कागद लावा. दोन बादल्या, एक बायकोजवळ आणि एक तुमच्या उशाशी. डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असलेल्या दवाखान्याचा नंबर मोबाइलमध्ये नाही, कागदावर. गाडी कुणाची मिळेल ते आत्ताच विचारून ठेवा.

बाळाला शेवटची शू कधी झाली ते तुमच्या लिहिण्यात नाही. आधी ते बघा आणि इथे कळवा. बाकीच्यांना नंतर उत्तर दिलंत तरी चालेल.