कुस्कोला उतरलात की आधी खाली जा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही करेलीबागेत राहतो, मी 61 आणि मिसेस 57. मुलगी अमेरिकेत असते म्हणून तिथला व्हिसा आहेच, तिच्याकडूनच पुढे पेरूला जायचं चाललंय. एजंटने गाइडसकट इन्का ट्रेलचं, म्हणजे तिथल्या जुन्या इन्का लोकांच्या डोंगरवाटेवरच्या ट्रेकचं पॅकेज दिलंय, पहिल्या दिवशी कुस्कोला उतरायचं, दुसऱ्या दिवशी शहर बघायचं, तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रेक सुरू, चार दिवस तंबूत आणि शेवटी माचू पिचू, म्हणजे इन्कांचं डोंगरावरचं जुनं शहर. मी रोज कमाटीबागेत पाऊण तास चालतो, दम लागत नाही, पण मिसेसचे गुडघे जिने उतरताना दुखतात. एजंट म्हणतो काही नाही हो, सगळे करतात. जमेल का?

उत्तर: काका, कमाटीबागेतलं चालणं अजिबात सोडू नका, पण त्याच्या भरवशावर हे पॅकेज घेऊ नका. ट्रेक वाईट नाहीये, त्या एजंटने लावलेला क्रम वाईट आहे.

आपलं बडोदा समुद्रसपाटीपासून 50 मीटरवरसुद्धा नाही आणि कुस्को आहे 3,400 मीटरवर, म्हणजे जवळपास लेहएवढं. तिथे एका श्वासात इथल्या दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. आणि ह्याचा फिटनेसशी फारसा संबंध नसतो, जिममध्ये जाणारा पोरगा डोकं धरून आडवा पडतो आणि त्याची आजी निवांत बाजारात फिरते, असंही होतं. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात आणि ते दिवस विकत मिळत नाहीत. तुमच्या पॅकेजमध्ये ते आहेतच कुठे? ट्रेकच्या दुसऱ्याच दिवशी वार्मिवान्युस्का खिंड आहे, 4,215 मीटर, आणि ती चढून झाली की पलीकडे दगडी पायऱ्यांचा लांबच लांब उतार. काकूंच्या गुडघ्यांची खरी परीक्षा तिथे, चढताना नाही.

आता गंमत अशी की माचू पिचू स्वतः फक्त 2,430 मीटरवर आहे, कुस्कोच्या जवळजवळ हजार मीटर खाली! म्हणून माझं सरळ म्हणणं, विमान कुस्कोला उतरलं की शहरात थांबूच नका, टॅक्सी करून दोनेक तासांत ओयान्तायताम्बोला जा, ते 2,800 मीटरच्या आसपास आहे, तिथे दोन-तीन रात्री काढा आणि कुस्को शेवटी बघा.

हे दिवस वाया जातील असं मुळीच वाटू देऊ नका. ओयान्तायताम्बो हे इन्कांनी आखलेलं गाव आहे आणि लोक अजून त्यात राहतात, दगडी गल्ल्यांच्या कडेने तेव्हाचे पाण्याचे पाट आजही वाहतात. वर टेकडीवर अर्धवट राहिलेलं सूर्यमंदिर आहे, गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा एका रांगेत उभ्या आणि दोन शिळांच्या मध्ये दगडाचीच अरुंद पट्टी बसवलेली. हा दगड नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेला, म्हणजे आधी दरीत उतरवला, नदी पार केली, मग इकडे वर चढवला, आणि ह्या लोकांकडे चाकाची गाडी नव्हती. काही शिळा वाटेतच टाकून दिलेल्या अजून पडल्यात. गाइड इथे घ्याच, नाहीतर आपण नुसते दगड बघून येतो.

चालण्याची हौस भागवायची तर चार दिवसांऐवजी एक दिवसाचा इन्का ट्रेल आहे, त्याबद्दल एजंट सहसा आपणहून बोलत नाही. ओयान्तायताम्बोहून ट्रेन पकडायची, किलोमीटर 104 ला उतरायचं आणि साधारण 12 किलोमीटर चालत इन्ती पुन्कूला, म्हणजे माचू पिचूच्या वरच्या खिंडीत पोचायचं. बहुतेक चढ आहे, मोठा उतार फार थोडा, आणि अख्खी वाट कुस्कोपेक्षा खाली. मध्ये विन्याय वायना हे इन्कांचं जुनं ठिकाण लागतं, डोंगराच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या शेतीच्या पायऱ्या आणि जिन्याला लागून एकाखाली एक पाण्याची कुंडं. मला विचाराल तर तिथे माचू पिचूपेक्षा जास्त मजा आहे, कारण गर्दी नाही. रात्री खाली आग्वास कालिएन्तेस गावात हॉटेलात झोपायचं, तंबू नाही, आणि दुसऱ्या दिवशी माचू पिचू नीट बघायचं. तिथे आता ठरलेलं सर्किट असतं, पुढे गेलात की मागे फिरता येत नाही आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, तेव्हा बाथरूमला आधी जाऊन घ्या.

जायच्या आधी दोन-तीन रविवार पावागढ करा. रोपवे सोडा, माचीपर्यंतची बसही सोडा, चांपानेरहून पायी चढा आणि मुख्य म्हणजे पायीच उतरा. सोमवारी काकूंचे गुडघे काय म्हणतात त्यावरून ठरवा. बीपीची गोळी चालू असेल तर उंचीबद्दल डॉक्टरांशी बोला, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळीही त्यांनाच विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगून. इन्शुरन्समध्ये किती मीटर उंचीपर्यंतचा ट्रेक चालतो ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

प्रश्न: मी अलकापुरीतून लिहितोय, वय 27, एकटा जाणार आहे. गाइडचे पैसे वाचवून इन्का ट्रेल करता येईल का? नाहीतर काय करू?

उत्तर: नाही येणार. लायसन्सवाल्या कंपनीशिवाय त्या वाटेवर सोडतच नाहीत. दिवसाला 500 माणसं, त्यात गाइड आणि हमालही धरलेले, म्हणून मे-जूनचे परमिट महिनोन्‌महिने आधी संपतात. परमिट पासपोर्ट नंबरवर असतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि मधे पासपोर्ट बदलला असेल तर कंपनीला आधी कळव आणि जुना पण बरोबर ने. फेब्रुवारीत ट्रेल बंद असतो.

तुला खरंच गावं बघायची असतील तर लारेसचा ट्रेक बघ. खिंडी 4,400 मीटरच्या आसपास आहेत तेव्हा खाली दोन-तीन दिवस राहूनच जा, पण वाटेत अल्पाका चारणारी माणसं, बटाट्याची शेतं, विणकाम करणाऱ्या बायका, आणि लारेसला गरम पाण्याचे झरे. चिंचेरो गावात विणकाम दाखवतात तेही चुकवू नकोस. निवडुंगावरचा एक वाळवलेला किडा बाई तळहातावर चिरडते, रक्तासारखा लाल रंग होतो, मग त्यावर लिंबू पिळते आणि बघता बघता तो केशरी होतो. शाल घेतलीस तर फार घासाघीस करू नकोस, एकेका शालीला कित्येक दिवस लागतात.

एक मात्र कंपनीला विचारच, हमालाच्या पाठीवर किती वजन देता. 20 किलोची कायद्याची मर्यादा आहे, तुमचे तंबू आणि गॅस सिलेंडर तेच वाहतात. उत्तर द्यायला जो गुळमुळीत बोलेल त्याला सोड.

प्रश्न: आम्ही कांदा-लसूण सोडा, अंडंही खात नाही. चार दिवस डोंगरात काय खायचं? थेपले नेले तर चालतील का? (मांजलपूर)

उत्तर: उपाशी राहणार नाही, बटाट्याचा देशच आहे तो. किन्वा नावाचं बारीक धान्य, मोठ्या दाण्याचा मका, राजमा-पावट्यासारख्या शेंगा, भात, सगळं मिळतं. अडचण सुपाची आहे, भाज्यांचं दिसतं आणि पाणी कोंबडीचं असतं. नुसतं मांस नको म्हटलं तर चिकन आणून ठेवतात, तेव्हा चिकन नको, मासे नको, अंडं नको, सुपात हाडांचं पाणी नको, असं एकेक करून बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. कांदा-लसूण वगळणं तंबूतल्या स्वयंपाक्याला समजावून सांगणं कठीण जाईल, हे धरून चला. कोरडा नास्ता पॅकबंद असू द्या आणि विमानतळाच्या फॉर्मवर लिहा, लपवू नका. घरचे थेपले लिमापर्यंतच्या प्रवासातच संपवा.

प्रश्न: तिथे कोकाचा चहा देतात म्हणे, तो घ्यावा का? थोडी पानं घरी आणली तर? (दांडिया बाजार)

उत्तर: चहा घ्या, तिथे हॉटेलच्या लॉबीतच ठेवलेला असतो. पण उंचीच्या त्रासावर तो औषध नाही, डोकं दुखतंय आणि उलट्या होतायत तर खाली उतरायचं, चहा पीत बसायचं नाही. घरी मात्र एक पान, एक टी-बॅगसुद्धा आणू नका, आपल्याकडे तो अमली पदार्थांचा गुन्हा आहे. आणि विसरायच्या आत, पेरूहून परत येताना आपल्याकडे यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा बॅगा भरायच्या आठवड्यात धावपळ करू नका.