फ्लॅट विकून न्यूझीलंडला जावं का?

प्रश्न (चार पानी पत्रातून थोडक्यात): मी 38 वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. पत्नी रजिस्टर्ड नर्स, मुलगी 9 वर्षांची. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला स्थायिक होऊन पूर्णवेळ निसर्गाचे फोटो काढायचे आहेत. 2014 मध्ये 46 लाखांना घेतलेल्या फ्लॅटचे आज 85 लाख येतील, कर्ज 22 लाख बाकी. पीएफचे 16 लाख आणि म्युच्युअल फंडाचे 21 लाख धरून 1 कोटी होतात. 9 लाखांचा नवा कॅमेरा आणि लेन्स घेणार आहे. बरोबर चाललंय ना?

उत्तर: जाण्याला माझा विरोध नाही. पत्रासोबतचा कोकणकड्याचा तुमचा फोटो मी दोनदा उघडून पाहिला. खालून ढग वर चढतोय आणि कड्याच्या ओठावरचं गवत तेवढं उन्हात आहे. त्या एका क्षणासाठी तीन पहाटा गेल्या, असं तुम्ही लिहिलंय. हिशेब तिथूनच सुरू होतो. साउथ आयलंडच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे उजेडाची वाट बघत काढलेला प्रत्येक दिवस बिनपगारी असेल.

तिघांचा खर्च महिना साडेपाच हजार न्यूझीलंड डॉलर आणि डॉलर 52 रुपयांचा धरला, तरी महिन्याला 2 लाख 86 हजार लागतात. तुमचा कोटी तीन वर्षंही पुरत नाही, आणि त्यातून कॅमेरा, तिकिटं आणि कर अजून वजा व्हायचे आहेत.

म्हणून घर फोटोंवर नाही, पत्नीच्या पगारावर चालू द्या. रजिस्टर्ड नर्स तिथल्या ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे माणसं कमी पडणाऱ्या पेशांच्या यादीत आहे. मान्यताप्राप्त एम्प्लॉयरची ऑफर आली की थेट रेसिडेन्सीचा अर्ज करता येतो. मात्र आधी नर्सिंग कौन्सिलची लेखी परीक्षा आणि मग ख्राइस्टचर्चला प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. सध्या खर्च करायचाच तर या परीक्षांवर करा, लेन्सवर नको.

आता फ्लॅट. एनआरआय व्हायच्या आधी विकून टाका, असं तुम्हाला बरेच जण सांगतील, आणि कराच्या बाजूने ते खरं आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी भारतीयाला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) 20 टक्के कराचा पर्याय आहे, एनआरआयला तो नाही. 2025-26 च्या निर्देशांकाने तुमचा कर अडीच लाखांच्या आसपास येतो. एनआरआय झाल्यावर विकलंत तर 12.5 टक्क्यांनी 4 लाख 87 हजार, वर सेस (उपकर). शिवाय एनआरआयकडून घेणारा पैसे देतानाच कर (टीडीएस) कापतो, तोही बहुतेक वेळा पूर्ण किमतीवर. कमी टीडीएसचं सर्टिफिकेट आधी काढलं तर तेवढी रक्कम अडकत नाही.

तरीही मी म्हणेन, आत्ता विकू नका. जास्तीचे सव्वादोन-अडीच लाख म्हणजे परत यायला घर शिल्लक ठेवण्याची किंमत, आणि 9 वर्षांची मुलगी बरोबर असताना मला ती जड वाटत नाही. भाडं 24 हजार, हप्ता 27 हजार. वरची तूट सोसण्यासारखी आहे. (तुम्ही एनआरआय झालात की भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, करारात तसं लिहून घ्या.) नव्याने राहायला आलेल्यांना न्यूझीलंड साधारण चार वर्षं परदेशातल्या भाड्या-व्याजावर कर लावत नाही, त्याचाही फायदा मिळेल.

सगळी रक्कम जाण्यापूर्वी पाठवायची घाईही नको. निवासी असताना वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या पैशावर बँक 20 टक्के आगाऊ कर (टीसीएस) कापते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण सगळा कोटी पाठवलात तर तोवर वरच्या 90 लाखांमागे 18 लाख अडकून पडतात. नंतर एनआरओ खात्यातून (एनआरआयच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून) पाठवता येतील.

फोटोंचं म्हणाल तर तुमचंच पत्र बोलतंय. दोन वर्षांत 84 हजार मिळाले, त्यातले 61 हजार पावसाळी वर्कशॉपचे. प्रिंट फारशा विकल्या जात नाहीत, शिकायला मात्र माणसं येतात. आपल्याकडे एप्रिलअखेर शाळांच्या परीक्षा संपतात, तेव्हा साउथ आयलंडच्या ॲरोटाउन गावात पानगळीचे रंग असतात. पुण्या-नाशिकच्या हौशी मंडळींना तिकडे नेणं हा तुमचा धंदा होऊ शकतो. तिथल्या संरक्षित जमिनीवर पैसे घेऊन लोकांना फिरवायला संवर्धन खात्याची परवानगी लागते, आणि तुमच्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालतो का, हे आधी पाहून घ्या. आहे तो कॅमेरा अजून दोन वर्षं पुरेल.

एक गोष्ट खटकली. हा सगळा डोलारा पत्नीच्या नोकरीवर उभा राहणार आहे, आणि तुमच्या चार पानी पत्रात त्यांना जायचंय की नाही याची एकही ओळ नाही. पुढचं पत्र दोघांनी मिळून लिहा, मग परीक्षांच्या खर्चाचं वेळापत्रक बसवू.