आधी वजन, मग मत

अनेक आशीर्वाद.

पत्र सविस्तर आहे. तू कुत्री तपासायला गेलीस ती शिरूरकडची पत्र्याची शेड, आतली शर्यतीची सहा ग्रेहाऊंड आणि दोन कारवानी कुत्री, मालकाने तुझ्यासाठी मुद्दाम मागवलेला उसाचा रस, सगळं डोळ्यांपुढे आलं. माणूस कुत्र्यांवर जीव टाकतो, पहिलं कुत्रं गेलं तेव्हा दोन दिवस जेवला नाही, आणि तरी तिथून निघताना तुला कसंतरीच झालं, हेही कळलं. तुझ्या मनात काय चाललंय ते पहिल्या पानावरच समजलं. त्या भुऱ्या कुत्रीचं वजन किती, ते मात्र शेवटच्या पानापर्यंत समजलं नाही.

वजन का नाही केलंस?

काटा नव्हता म्हणशील. गावात भुसाराचं दुकान असतं, भंगारवाला असतो, कोणाकडे तरी काटा असतोच. कुत्रं कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकटं उभं राहायचं, वजाबाकी करायची. तीस किलोच्या आतलं वजन तू उचलू शकतेस. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी मुलगी आहेस तू.

मालक म्हणाला, "मॅडम, ही जातच अशी असते." यात अर्ध खरं आहे आणि त्या अर्ध्यावरच ही माणसं निभावून नेतात. ग्रेहाऊंडच्या अंगावर चरबी नसते, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, ते ठीकच. पण मांडी बघ. पळणाऱ्या कुत्र्याची मांडी हाताला गच्च लागली पाहिजे. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं आणि मणी मोजता आले, कमरेची हाडं तळहाताला टोचली, तर ती जात नव्हे, उपासमार. कोपरं बघितलीस? खाली शहाबादी फरशी आणि वर पोतं, असं असेल तर कोपरांना घट्टे पडतात, मग ते फुटतात. त्यांची कातडी कागदासारखी पातळ, केस आखूड. पुण्याच्या डिसेंबरात आपण स्वेटर चढवतो. ही कुत्री त्या पत्र्याखाली कुडकुडत रात्र काढतात. दात, नखं, मुसकं घासून नाकावर पडलेला वळ, हे सगळं दिसलंच असेल. लिहिलं नाहीस. "अवस्था वाईट होती" एवढं लिहिलंस. अवस्था वाईट होती याला तारीख नसते, आकडा नसतो, आणि उद्या मालक म्हणेल, छे हो, उत्तम होती.

आता रक्ताच्या रिपोर्टबद्दल. थोडा रागावणार आहे. प्लेटलेट १ लाख २० हजार दिसल्या म्हणून गोचीड ताप धरलास आणि त्यावरचं औषध, डॉक्सी, चालू केलंस. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, ३८ दिसला, तो नॉर्मल म्हणून सोडलास. ग्रेहाऊंडमध्ये नेमकं उलटं असतं. त्यांच्या प्लेटलेट मुळातच कमी असतात, १ लाख २० हजार त्यांना चालतात. पीसीव्ही मात्र ५० ते ६५. म्हणजे इतर कुत्र्याला नॉर्मल असलेला ३८ हा या कुत्रीचा ॲनिमिया आहे. शेण-मूत साचलेली मातीची शेड, त्यात रक्त पिणारे अंकुशकृमी, वर कोंबडीची मुंडकी आणि शिळी भाकरी. तिचं रक्त कुठे जातंय ते आता तूच शोध. शी तपासायला घे. डॉक्सी पूर्ण करायचं की थांबवायचं ते त्यानंतर ठरव. पण आधी वजन कर, कारण जंताच्या गोळीचा डोसही अंदाजाने देऊन आली असशील, असा मला दाट संशय आहे.

तू विचारलं आहेस की इतकं प्रेम करणारा माणूस क्रूर कसा असेल. सोड गं हा प्रश्न. कीर्तनकारांना सोपव. त्याच्या प्रेमाचं माप तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. कुत्रीचं आहे. वजन कर, लिही, तारीख घाल, सही कर. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, पुन्हा कर. दोन किलो वाढलं तर तो सुधारतोय. दोन किलो घटलं तर उसाच्या रसाचं कौतुक आवरतं घे.

हा म्हाताऱ्याचा हेका वाटत असेल तर बाहेर काय घडलं ते ऐक. आयर्लंडमध्ये शर्यतीच्या ग्रेहाऊंडच्या कानात नोंदणीची अक्षरं गोंदतात. नको झालेली कुत्री टाकून दिलेली सापडली तेव्हा कित्येकांचे कानच कापलेले होते. जीव घ्यायला ती माणसं कचरली नाहीत. कानातल्या अक्षरांना घाबरली. अमेरिकेतल्या फ्लोरिडात किती कुत्री ट्रॅकवर मरतात याचा हिशोब द्यायचं बंधन २०१३ पर्यंत नव्हतं. ते आलं आणि सरासरी दर तीन दिवसांना एक, असा आकडा लोकांपुढे आला. २०१८ च्या मतदानात जवळजवळ ६९ टक्के लोकांनी शर्यती बंद करा म्हटलं, २०२० संपताना त्या थांबल्या. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये ग्रेहाऊंडच्या सरावात जिवंत ससे आणि डुकराची पिल्लं आमिष म्हणून बांधल्याचं चित्रीकरण बाहेर आलं, चौकशी आयोग बसला. न्यू साउथ वेल्समध्ये १२ वर्षांत जन्मलेल्या सुमारे ९८ हजार ग्रेहाऊंडपैकी निदान निम्मी, वेग कमी म्हणून मारली गेली, असं त्या आयोगाने काढलं. सरकारने २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत मागेही घेतली. बंदी मागे घेता आली. आकडा मागे घेता आला नाही.

आपल्याकडची कुत्र्यांच्या शर्यतींची हौस अजून लहान आहे. पंजाब-हरियाणात पसरली आहे तेवढी इथे नाही. पण जत्रेत मोटारसायकल बक्षीस लागली की कुत्रं घेणारे वाढतात, आणि चार हंगामांनंतर न पळणारं कुत्रं हायवेला कोणी सोडलं हे कोणालाच माहीत नसतं. गावठी कुत्रं कसंही जगतं. ग्रेहाऊंड रस्त्यावर आठवडा काढत नाही.

शर्यतीसाठीच्या दाखल्याचं विचारलंस. मालक म्हणतो, "फक्त सही करा, मॅडम." करायची नाही. बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला तो उचलून धरला, आणि जुन्नर-आंबेगावचे शर्यतीचे घाट पुन्हा भरले. ती दुरुस्ती बैलांपुरती आहे. कुत्र्यांना तिचा आधार नाही. तुझा "फिट" दाखला त्या लोकांच्या खिशात ढालीसारखा राहील आणि उद्या प्रकरण झालं तर पहिलं नाव तुझं निघेल.

मी आयुष्यभर वजन केल्याशिवाय औषध दिलं नाही आणि न बघितलेल्या जनावराला दाखला दिला नाही. पेठेत मला काटेवाले डॉक्टर म्हणायचे, मागून अजून काय काय म्हणायचे. दवाखान्यातला भागीदार याच पायी वेगळा झाला. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक दुखवून धंदा होत नाही. हुशार माणूस होता, त्याच्यासारखी हाडं बसवणारा मी दुसरा पाहिला नाही. आम्ही पुन्हा बोललो नाही, तो गेला तेव्हाही मी गेलो नाही. त्याची खंत आहे. काट्याची नाही. माझ्या जागी तो असता तर कुत्री जास्त आली असती, खरं आहे. आणि सगळी केसपेपरवर ठणठणीत असती.

एका बंगल्यातली ग्रेहाऊंड यायची. केसपेपरवर लिहिलं, २७ किलो. पुढच्या महिन्यात २४, मग २१. मालकाने माझ्यासमोर केसपेपर फाडला. मी तेव्हापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून कार्बन घालून लिहायचो. कोर्टात तीच प्रत चालली. दंड किती झाला? पन्नास रुपये. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, आजही तेवढाच. लोक हसले. पण कलम २९ वाच. गुन्हा सिद्ध झाला आणि जनावर परत दिलं तर पुन्हा हाल होतील असं वाटलं, तर कोर्ट मालकी काढून घेऊ शकतं. कुत्री त्याच्याकडे परत गेली नाही. माझ्यासाठी निकाल तेवढाच होता, आणि तो तीन आकड्यांवर लागला. माझ्या कळवळ्यावर लागला नाही.

तू म्हणतेस, तक्रार केली तर शेडचं दार बंद होईल, नाही केली तर आपण सामील. तू अजून तिथवर पोचलेलीच नाहीस. आज तक्रार द्यायला तुझ्याकडे आहे काय? आठ कुत्र्यांची आठ पानं कर. चारा-पाणी-निवारा न देणं हे कलम ११ मध्ये येतंच, ते पान दाखवून आधी त्याच्याशीच बोल. खाट, गोणपाट, रोज किती मांस, हे लिहून दे, एक प्रत त्याला, एक तुला. माणूस खरंच जीव लावणारा असेल तर त्याला राग येणार नाही. आला तर पंधरा दिवसांनी तुझी पानं बोलतील. तोवर जात राहा. तुझं जाणं बंद झालं तर तिथे इंजेक्शन टोचणारा झोलाछाप येईल, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे.

आणि एक, विसरण्याआधी. भुरीच्या स्तनाजवळची गाठ काढावी लागेल असं दिसतंय. घाई करू नकोस, पीसीव्ही वर येऊ दे. तुमच्या दवाखान्याच्या कपाटात भुलीच्या थायोपेंटोनच्या जुन्या बाटल्या असतील तर त्या तिच्यासाठी उघडायच्या नाहीत. ही जात त्यातून तासन्‌तास उठत नाही. प्रोपोफॉल घे, सावकाश दे, खाली गरम पाण्याच्या बाटल्या ठेव, त्यांचं अंग टेबलावर झपाट्याने गार पडतं. रात्री दहानंतर मी फोन घेत नाही. कुत्री टेबलावर असेल तर घेईन.