बांगलादेशने शुल्क वाढवलं म्हणून संत्र्याची बाग तोडावी का?

प्रश्न : अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी भागातल्या बऱ्याच बागायतदारांचा प्रश्न जवळपास एकच आहे. "आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) माल बांगलादेशात जायचा तोवर भाव होता. आता व्यापारी इसार (आगाऊ रक्कम) द्यायलाही कचरतो. बाग तोडून कपाशी-सोयाबीन घेऊ का?"

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, केवळ शुल्कापायी निरोगी बाग तोडू नका. हे आधीच सांगतो, कारण काही जणांनी जेसीबीवाल्याशी बोलणीसुद्धा केली आहेत.

2019 मध्ये बांगलादेशात आपल्या संत्र्यावर किलोमागे 20 टका (टका म्हणजे तिथलं चलन) आयात शुल्क होतं. 2023 मध्ये ते 88 टक्यांवर गेलं. 2022 मध्ये त्या देशाला डॉलरची चणचण भासू लागली आणि परदेशी फळं तिथे चैनीच्या मालात मोजली गेली. आपणही कांद्याची निर्यात 2019, 2020 आणि डिसेंबर 2023 मध्ये एकाएकी बंद केली होती. अशाने दोन्हीकडचा भरवसा पातळ होतो. ऑगस्ट 2024 मध्ये तिथलं सरकार बदललं, आणि 2025 मध्ये सूत व तयार कपड्यांवरून दोन्ही देशांनी जमिनीवरच्या नाक्यांवर बंधनं घातली. भारत-बांगलादेश सीमेवरचा पेट्रापोल-बेनापोलचा नाका वरूडहून हजार किलोमीटरपेक्षा दूर आहे, तरी तिथल्या निर्णयावर तुमच्या शिवारातली झाडं उभी राहायची की पडायची हे ठरतंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवर कुंपणापलीकडे ज्यांची शेतं आहेत त्यांना ठरावीक वेळेतच फाटकातून जाता येतं आणि उंच वाढणारं पीक घेता येत नाही. तुमच्या बागेला तसं कुंपण नाही. पीक कोणतं ठेवायचं, हा निर्णय तुमच्या हातात आहे.

बांगलादेशचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणजे शुल्क दर जूनमध्ये बदलू शकतं. संत्र्याच्या कलमाला मात्र फळावर यायला पाचेक वर्षं लागतात. आज तोडलेली बाग शुल्क उतरलं तरी लगेच परत येणार नाही.

मग तोडायचं काय? डिंक्याने (खोडातून डिंक गळणाऱ्या बुरशीच्या रोगाने) खोड पोखरलेली, शेंडे वाळत चाललेली, चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीतली झाडं जरूर काढा. ती शुल्क नसतानाही तोट्यातच होती. काढलेल्या जागी लगेच पुन्हा संत्रा लावू नका. बुरशी मातीत टिकते. दोन-तीन वर्षं तूर, हरभरा, चारा घ्या. उरलेल्या झाडांच्या खोडांना पावसाळ्याआधी आणि नंतर जमिनीपासून मीटरभर बोर्डो पेस्ट लावा (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी).

सगळा माल एकाच वेळी एकाच बाजारात लोटणं ही खरी अडचण आहे. बागेचे दोन भाग करा, एकात आंबिया, दुसऱ्यात मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा). एकाच झाडावर दोन्ही बहार घेऊ नका, झाड खचतं. मृगाचं फळ फेब्रुवारीनंतर उतरतं, तेव्हा आंबियाची गर्दी ओसरलेली असते. पण मृगासाठी उन्हाळ्यात ताण देऊन नंतर पाणी लागतं, आणि आपल्या तालुक्यांत भूजल आधीच जास्त उपसलं गेलं आहे. विहिरीला पुरेल एवढ्याच झाडांवर मृग धरा, तोही ठिबकवर. मोठं, एकसारखं फळ वेगळं काढून मेणाचा लेप दिला की ते दूरच्या बाजारात टिकतं. चुरी (बारीक फळं) रसासाठी द्या.

2023 च्या अखेरीस राज्याने या शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर केलं होतं. अशा मदतीला आणि फळपीक विम्यालाही सातबाऱ्यावरची नोंद लागते. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीक नोंदणीत) बाग नोंदवली नसेल, तर ती आधी नोंदवा. तोडायची झाडं मोजून, फोटोसह आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा. मीही बांधावर येऊन पाहीन.