पावसात छत्री घेऊन वाटेवर जा

प्रिय मैत्रिणी,

आपल्या मोटरसायकल क्लबच्या वाटांचं काम यंदा तू अंगावर घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. वर्षभराच्या राइडचं वेळापत्रक कुठून सुरू करायचं, असं तू विचारलंस. सुट्ट्यांच्या यादीपासून नको, पाण्यापासून सुरू कर. मावळ, मुळशी, जुन्नर, अकोले या पट्ट्यातल्या मुरमाच्या वाटा मृगापासून हस्तापर्यंत चार महिने पाण्याच्या ताब्यात असतात. त्या चार महिन्यांत पाणी जिथून धावतं, तिथेच उरलेले आठ महिने आपली चाकं अडकतात.

म्हणून जून ते सप्टेंबर कच्च्या वाटा बंद, यात सवलत नको. भिजलेल्या मुरमात किंवा काळ्या मातीत दहा गाड्या एकामागोमाग गेल्या की चाकोरी पडते. पुढच्या सरीत पाणी त्याच चाकोरीत उतरतं आणि तिची नाली होते. नाली गुडघाभर झाली की रायडर तिच्या कडेनं नवी वाट पाडतात, म्हणजे एका जखमेच्या दोन होतात. पावसात हिंडायचंच असेल तर खडीचा किंवा डांबरी रस्ता धरा. नंतर वाट कधी उघडायची हेही तारखेवर ठरवू नकोस. बुटाची टाच पूर्ण भार देऊन दाबून बघ. ठसा बोटाच्या एका पेराहून खोल गेला तर आणखी आठवडाभर थांब. माळावरची वाट दोन दिवसांत वाळते, झाडीतल्या सावलीतली वाट दिवाळीपर्यंत ओली राहते. त्यामुळे एकाच वाटेचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी उघडावे लागतात.

वाट बंद म्हणजे गाडीला बंद. तू मात्र आर्द्रा किंवा पुनर्वसूत, पाऊस चांगला लागलेला असताना, पायी जा. वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. उन्हाळ्यात सगळे उतार सारखेच दिसतात. पावसात पाणी स्वतःच सांगतं ते कुठून शिरतं, वाटेवरून किती लांब धावतं आणि कुठे बाहेर पडतं. पाण्याचा रंग बघ. वाटेवरून निवळ पाणी वाहत असेल तर खाली कातळ आहे, काळजी नाही. लालसर गढूळ पाणी वाहत असेल तर वाट त्याच्याबरोबर खाली चालली आहे. गढूळ पाणी वीस मीटरहून जास्त धावतंय अशी प्रत्येक जागा नोंदव. खुणेला वाटेच्या वरच्या अंगाला तीन दगडांची उतरंड रच आणि फोनवर ठिकाण साठव. प्लास्टिकची रिबिन बांधू नकोस, गुरं खातात.

याच दिवसांत कागदपत्रांचंही काम उरक. वाट ज्या जमिनीवरून जाते तिचे गट नंबर गावनकाशावरून काढ आणि प्रत्येकाचा सातबारा बघ. नकाशावर पाणंद किंवा शिवरस्ता दाखवलेला असेल तर तो वहिवाटीचा रस्ता आहे, पण शेजारच्या शेतकऱ्याशी बोलणं तरीही चुकवू नकोस. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला पत्र दे आणि पोच घे. मालकीची जमीन असेल तर मालकाची लेखी संमती हवी. राखीव वन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय चाक टाकायचं नाही आणि कुदळही मारायची नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ खाली विनापरवाना घुसखोरी हा गुन्हा आहे, आणि आपण दुरुस्तीला गेलो होतो ही सबब चालत नाही. भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आपल्या नकाशावर नकोतच. गडांवर गाडी नको. आणि सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, तर मुळीच नको. कातळावरची दोन-चार बोटं जाडीची माती आणि त्यातली पावसाळी रोपं एका टायरखाली उचकटली जातात आणि वर्षानुवर्षं भरून येत नाहीत. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठारही आलं. पण ज्या सड्याला नाव नाही, त्यालाही हाच नियम लाव.

सप्टेंबरच्या शेवटी गवत खांद्याला लागतं. खाली लपलेला दगड दिसत नाही आणि पुढचं चाक त्यावरच जातं. दसऱ्याआधी दोन रविवार गवतकापणीला दे. विळे आणि दोन कोयते पुरे. वाटेच्या दोन्ही अंगांना हात-दोन हात कापायचं, त्याहून जास्त नाही. घाणेरी आणि रानमोडी बी धरायच्या आधी मुळासकट उपट. कारवीला हात लावू नकोस. सैल दगड हलवताना पहार वापर आणि दगड आपल्या बाजूला कलेल असा उचल, म्हणजे खाली फुरसं असेल तर दगड तुझ्या आणि त्याच्या मध्ये राहतो आणि ते पलीकडे निघून जातं. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही. तो हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करायचा. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे याची चौकशी कामाला जाण्यापूर्वीच करून ठेव.

आता मुख्य काम, पाणी वाटेबाहेर काढण्याचं. ते ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतच कर. त्या वेळी मुरमात ओल असते, त्यामुळे तो दबतो. जानेवारीत तोच मुरूम खणताना कुदळीतून ठिणग्या उडतात, आणि खणलेला भुगा कितीही चोपला तरी बसत नाही. पहिल्या वळवात तो वाहून जातो. ओल बरोबर आहे का हे मुठीत बघ. मूठभर मुरूम दाबून गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. दोन-तीन तुकडे झाले तर काम सुरू कर. भुगा झाला तर पाणी शिंप. तळव्याला चिखल लागला तर दोन दिवस थांब.

बहुतेक नवी मंडळी वाटेवर आडवे दगड किंवा ओंडका पुरून पाणी अडवायला जातात. पायवाटेवर ते टिकतं, मोटरसायकलच्या वाटेवर नाही. मागचं चाक दगडाला टेकून फिरतं आणि तिथे खड्डा उकरतं. पाणी त्या खड्ड्यात साचून बाजूनं फुटतं. शिवाय दगड चुकवायला रायडर कडेनं जातात. त्याऐवजी लांब खोलगट आणि त्याच्या खाली लांब उंचवटा कर. चाकाला तो नुसती लाट वाटला पाहिजे.

माप असं धर. उताराच्या वरच्या बाजूनं सुमारे तीन मीटर लांबीत वाट हळूहळू खाली खण, सगळ्यात खोल जागी वीतभर. निघालेला मुरूम खालच्या बाजूला टाकून तीन-चार मीटर लांबीचा उंचवटा कर, चोपण्याआधी ३० सेंटिमीटर, म्हणजे चोपून २० उरतो. एका वेळी चार बोटांचा थर घाल, पाणी शिंप, धुमसानं चोप, मग पुढचा थर. एकदम सगळा ढीग टाकून वरून चोपलास तर वरची साल कडक होते आणि आतला मुरूम मोकळाच राहतो. खोलगटाचा तळ वाटेला काटकोनात नको, तिरका हवा, साधारण ३० ते ४५ अंश. काटकोनात केला तर पाण्याचा वेग मरतो, गाळ तिथेच बसतो आणि एका पावसाळ्यात खोलगट भरून जातं. पाणी बाहेर पडतं ते तोंड मीटरभर रुंद ठेव आणि त्याच्या पुढे हाताएवढे दगड पसर, नाहीतर तिथून नवी घळ सुरू होते. एक गोष्ट विसरू नकोस. ते तोंड कुणाच्या भातखाचरात किंवा बांधावर उघडता कामा नये. एका चुकीच्या चरानं शेतकऱ्याचा बांध फुटला की त्या गावाची वाट कायमची जाते, आणि जायलाच हवी.

एका उंचवट्याला सुमारे पाऊण घनमीटर मुरूम लागतो, म्हणजे पन्नास ते साठ घमेली. चार माणसं, दोन कुदळी, दोन फावडी, चार घमेली, एक पहार, एक धुमस आणि ४० लिटर पाणी एवढ्यावर सकाळचे चार तास जातात. उतार मोजायला गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी उत्तम. दहा मीटर अंतरात एक मीटर उतरलं तर तो दहा टक्के, आणि तिथे दर २०-२५ मीटरला असा एक उंचवटा हवा. पाच टक्क्यांना ४० मीटरवर चालतो. पंधरा टक्क्यांच्या वर मुरूम टिकत नाही. तिथे वाट वळवून तिरकी न्यायची, किंवा दगडी फरसबंदी करायची. शक्य असेल तर वळवणंच बरं. खड्ड्यात नुसता मुरूम ओतून परत येणं म्हणजे पुढच्या पावसाला खाऊ घालणं.

चाकांनी वाटेच्या बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा साठत जातो, तोही फावड्यानं काढ. हे छोटं काम सगळे टाळतात आणि नाली पडते ती बहुधा त्यामुळेच. पाण्याला बाहेर जायला कड मोकळी नसते.

नवीन भरलेली जागा किमान दोन आठवडे गाडीपासून दूर ठेव. म्हणून डिसेंबर आणि जानेवारी हा आपला राइडचा मुख्य हंगाम. एका गटात आठ गाड्या, त्याहून जास्त नाहीत. पुढचा रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागचा दुरुस्ती येणारा. प्रत्येक फाट्यावर पुढच्याच्या मागचा रायडर थांबतो आणि मागचा शेवटचा दिसल्यावरच निघतो. ही पद्धत पाळली तर माणूस हरवत नाही. सायलेन्सर कंपनीचाच हवा. वस्तीत दुसऱ्या गिअरच्या वर नाही, गुरं समोर आली की इंजिन बंद. वईचं कवाड जसं होतं तसं लाव.

गाडीबद्दल थोडंच लिहिते, कारण ते तुला येतं. एक्सपल्स २०० ला मुरमावर टायरमध्ये पुढे २० आणि मागे २२ पीएसआय हवा ठेव, ४११ हिमालयनला दोन जास्त, कारण ती दोनशे किलोंच्या घरात जाते. १६ च्या खाली गेलीस की दगड ट्यूबला रिमवर चिमटतो आणि एकमेकींशेजारी दोन बारीक चिरा पडतात. एकच चीर शोधून ठिगळ लावणारे दहा मिनिटांत पुन्हा थांबतात, म्हणून जोडीची चीर नेहमी शोध. गटात एक २१ इंची ट्यूब असली तरी भागतं. वेळ पडली तर ती मागच्या १८ इंची टायरमध्ये घडी पडू न देता बसवून घरापर्यंत येता येतं. क्लच आणि ब्रेकच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दे आणि बोल्ट जरा कमी कस. पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरते.

ओढ्यात गाडी आडवी होऊन बंद पडली तर स्टार्टरला बोट लावू देऊ नकोस. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. किल स्विच बंद, गाडी बाहेर, पुढचं चाक उंच धरून सायलेन्सरमधलं पाणी काढा. एअर फिल्टर काढून बघा. फोमचा असेल तर पिळा. स्पार्क प्लग काढा आणि मगच स्टार्टर मारा. प्लगच्या भोकातून पिचकारी उडते, तोंड बाजूला ठेवा. पिचकारी थांबेपर्यंत मारा, मग प्लग पुसून लावा. ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, टेम्पो बोलवा. पायी ओलांडताना तोल जातो असा ओढा गाडीनं ओलांडायचा नाही, एवढं एक पाळलंत तर यातलं फारसं लागणार नाही.

१५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, तो १५ जूनपर्यंत. या दिवसांत वाळल्या गवतावर तापलेली गाडी उभी केली तर सायलेन्सरखालचं गवत पेट घेऊ शकतं. उभी करायची ती मुरमावर किंवा कातळावर. मार्चपासून राइड पहाटे सुरू करून दहाच्या आत संपव, आणि पाणवठ्याजवळून जाणारी वाट मेअखेरपर्यंत सोडून दे, जनावरांना दुसरीकडे पाणी नसतं. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर तो टप्पा पोळी उठेपर्यंत बंद. मेच्या शेवटच्या रविवारी वळवानं आणलेला गाळ प्रत्येक खोलगटाच्या तोंडातून उपस. एका ठिकाणी दोघांना पंधरा मिनिटं लागतात. ते राहिलं तर ऑक्टोबरचं सगळं काम जूनमध्ये वाया जातं.

आर्द्रा लागली की पहिल्या चांगल्या पावसात निघू. छत्री, पेन्सिल आणि जाड कव्हरची वही घे. पेनची शाई फुटते. वहीत तीन रकाने आखून ठेव: पाणी कुठे शिरलं, किती मीटर धावलं, रंग काय होता. बुटाला चांगली नक्षी असलेला तळ हवा, कातळावर शेवाळ आलेलं असेल. सकाळी सहाला शेवटच्या वाडीच्या पारापाशी भेटू.

तुझी,
वाटेवरची सोबतीण