'व्हॉडव्हिल'ला तमाशा म्हणावं का?

एक वाचक भगिनी सध्या एका अमेरिकन विनोदी नटाच्या आठवणींचं भाषांतर करत आहेत. काळ साधारण १९१० ते १९३०. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे: 'व्हॉडव्हिल' (सुट्या सुट्या आयटमांचा अमेरिकन रंगमंचावरचा करमणुकीचा कार्यक्रम) मराठीत कसं लिहावं? पहिल्या खर्ड्यात त्यांनी त्याला 'तमाशा' म्हटलं आहे, ते चालेल का? 'ॲक्ट', 'बिल', 'सर्किट', 'बिग टाइम' हे शब्द पानोपानी येतात, त्यांचं काय करावं? आणि शेवटी, 'अखेर मी पॅलेसला खेळलो' अशा अर्थाच्या एका वाक्यावर त्या अडल्या आहेत.

लेखनाचा प्रश्न लवकर सुटतो. व्हायोलिन, व्हॅन, व्होल्टेज यांत आपण 'व्ह' लिहितो आणि वॉर्ड, वॉरंट यांत 'व'. हा भेद मराठीने जपला आहे, हिंदीने नाही. म्हणून हिंदीत दिसणारं 'वॉडेविल' आपण उचलू नये. अमेरिकन उच्चाराला 'व्हॉडव्हिल' पुरेसं जवळ आहे. फ्रेंच संदर्भ असेल तिथे 'व्होदव्हील' लिहावं, आणि हा फरक नुसता उच्चाराचा नाही. फ्रान्समध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

शब्दाच्या जन्माच्या दोन कथा सांगतात. एक नॉर्मंडीतल्या व्हीर नदीच्या खोऱ्याची: तिथली पंधराव्या शतकातली मद्यगीतं ऑलिव्हिए बासलँ या माणसाच्या नावावर मोडतात, आणि 'व्हीरचं खोरं' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांतून हा शब्द आला म्हणे. दुसरी कथा 'शहराचा आवाज' अशा अर्थाच्या शब्दांची, म्हणजे गावात सगळ्यांच्या तोंडी असलेली गाणी. दोन्हींची सरमिसळ झाली असणं मला सर्वांत संभवनीय वाटतं. अठराव्या शतकात पॅरिसच्या जत्रांतल्या रंगमंचांवर लोकांच्या ओळखीच्या चालींवर नवे शब्द बसवलेली हलकीफुलकी नाटकं होत, त्यांना हे नाव मिळालं. १७९२मध्ये पॅरिसमध्ये त्या नावाचं थिएटरही उघडलं. पुढे गाणी गळाली आणि उरला गैरसमजांचा, दारांमागे लपण्याचा, धांदलीचा फार्स. लाबिश आणि फेदो या फ्रेंच नाटककारांची नाटकं फ्रेंच माणूस आजही व्होदव्हीलच म्हणतो. रशियनमध्येही शब्द याच अर्थाने गेला. चेकॉव्हच्या छोट्या प्रहसनांबद्दल लिहिताना 'वोदेव्हील' येतं ते म्हणूनच. तिथे आपला 'फार्स' किंवा 'प्रहसन' चपखल बसतो. अमेरिकन व्हॉडव्हिलला मात्र तो अजिबात लागू नाही, कारण अमेरिकेत या नावाखाली नाटक नव्हतंच.

तिथे काय होतं? एका तिकिटात आठ-नऊ वेगवेगळे आयटम. कसरतपटू, गायिका, जादूगार, विनोदी जोडी, शिकवलेले कुत्रे, वीस मिनिटांची नाटिका, नर्तक. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. कथा नाही, सूत्रधार नाही, समान विषय नाही. जादूगार हुडिनीने इथेच साखळ्यांतून स्वतःला सोडवून दाखवलं. पुढे मूकपटांत गाजलेला विनोदी नट बस्टर कीटन लहान असताना आईवडिलांच्या आयटममध्ये रंगमंचावर इकडून तिकडे फेकला जायचा. अंध-बधिर लेखिका हेलन केलर आणि त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनीही १९२०पासून काही वर्षं व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली.

आता 'तमाशा'. माझं मत स्पष्ट आहे: नको. पहिलं कारण घडणीचं. तमाशाचा फड एक असतो. गण, गवळण, बतावणी, वग असा त्याला क्रम असतो आणि तीच माणसं सगळं करतात. व्हॉडव्हिलमधले कलाकार सोमवारी थिएटरात एकमेकांना भेटत आणि आठवडा संपला की वेगवेगळ्या गाड्यांनी वेगवेगळ्या गावांना जात. त्यांची एक मंडळी कधीच नसे. इंग्रजीत शिरलेला 'तमाशा' कुठल्याही धमालीला, गोंधळाला चालतो. मराठीत तो एका विशिष्ट कलेचं नाव आहे, आणि मराठी वाचकासमोर ढोलकी-तुणतुणं उभं राहिल्याशिवाय राहणार नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'व्हॉडव्हिल' हे नाव अमेरिकेत प्रतिष्ठेसाठी घेतलेलं होतं. त्याआधी अशा कार्यक्रमाला 'व्हरायटी' म्हणत. तो दारूच्या गुत्त्यांना जोडलेल्या सभागृहांत चाले, समोर पुरुष, भाषा शिवराळ. सभ्य घरातली बाई तिथे पाऊल टाकत नसे. १८७१मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलच्या एका कंपनीने आपल्या नावात 'व्हॉडव्हिल' घातल्याचं सापडतं. फ्रेंच शब्दाने भारदस्तपणा येतो, हा त्यातला हिशेब. २४ ऑक्टोबर १८८१ रोजी टोनी पास्टर यांनी न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर आपलं थिएटर उघडलं आणि बायकामुलांसह बघता येईल असा स्वच्छ कार्यक्रम द्यायला सुरुवात केली. गंमत अशी की पास्टर यांना हा फ्रेंच शब्द आवडत नसे, ते 'व्हरायटी'च म्हणत. शब्द रुळवला तो बॉस्टनच्या बी. एफ. कीथ आणि त्यांचे भागीदार ई. एफ. अल्बी यांनी. त्यांच्या थिएटरांत रंगमंचामागे सूचना लावलेल्या असत: अमुक शब्द उच्चाराल तर करार रद्द. कलाकार या साखळीला 'रविवारच्या बायबल-शाळेची साखळी' म्हणत, इतकं तिथलं सोवळं कडक.

आपल्याकडे हेच उलट्या बाजूने घडलेलं आहे. १९४०च्या दशकात अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाच्या बाजावर नवे खेळ रचले, तेव्हा त्यांना 'लोकनाट्य' हे नाव मिळालं. आज फडांच्या फलकांवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असं जोडनाव दिसतं ते त्यातूनच. म्हणजे व्हरायटीचं व्हॉडव्हिल होणं आणि तमाशाचं लोकनाट्य होणं या एकाच जातीच्या घटना आहेत. अमेरिकन मालकांनी जे नाव नाकारून नवं घेतलं, त्या नव्या नावाचं भाषांतर आपण पुन्हा जुन्याच बाजूला ओढलं तर मूळ मजकुरातली सारी धडपड पुसली जाते.

मग दुसरा काही मराठी शब्द? शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनातलं 'विविध गुणदर्शन' घडणीने अगदी जवळचं आहे. एकामागून एक, असंबद्ध, प्रत्येकाला आपापली दहा मिनिटं. पण त्याला हौशीपणाचा वास आहे आणि व्हॉडव्हिल हा कसलेल्या माणसांचा पोटापाण्याचा धंदा होता. म्हणून मूळ शब्द ठेवा आणि तो पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच उलगडा: 'व्हॉडव्हिल, म्हणजे नाच-गाणी-कसरती-विनोदाच्या सुट्या आयटमांचा कार्यक्रम'. तळटीप नको, वाचक तिथे अडखळतो.

यातच 'ॲक्ट'चं उत्तर आलं. त्याला 'अंक' म्हणू नका, तो नाटकाचा. 'आयटम' हा शब्द ऑर्केस्ट्रावाले आणि संमेलनवाले रोज वापरतात, तोच घ्या. आयटम साँगमुळे त्याला वेगळी छटा आली आहे हे खरं, पण 'सादरीकरण' हा शब्द नटाच्या तोंडी फार कोरडा वाटेल. दोन विनोदवीरांच्या जोडीत एक गंभीर चेहऱ्याने विचारतो आणि दुसरा प्रत्येक उत्तराचा विचका करतो, त्या संवादाला मात्र 'बतावणी' म्हटलेलं मला चालेल. तो प्रकार खरोखरच तोच आहे.

'बिल' मराठीत पैशांचं किंवा विधिमंडळातलं. 'हँडबिल' मात्र आपल्याकडे नाटकवाल्यांनी घरचं केलं आहे. तेव्हा छापील कागद असेल तिथे 'हँडबिल' आणि आयटमांची मांडणी असेल तिथे 'कार्यक्रमातला क्रम' लिहा. हा क्रम तुमच्या लेखकासाठी जिवाभावाचा विषय असणार, कारण त्यावरून माणसाची किंमत ठरे. पहिला आयटम बहुधा न बोलणारा: सायकलवरच्या कसरती, शिकवलेली जनावरं. लोक अजून खुर्च्या शोधत असताना शब्द ऐकू येणार नाहीत म्हणून. दुसरी जागा नवख्यांची. सर्वांत मानाची जागा शेवटून दुसरी, तिथे मुख्य आकर्षण. अगदी शेवटी पुन्हा कसरती, कारण तोवर माणसं उठून टोप्या शोधायला लागलेली असत. तेव्हा 'मला शेवटून दुसरी जागा मिळाली' हे वाक्य भाषांतरात पडेल वाटत असेल, तर त्याच्या आधीच्या वाक्यात या क्रमाची एवढी माहिती पेरा.

'सर्किट'ला 'दौरा' लावू नये. आपल्या नाटक मंडळ्या दौऱ्यावर निघत तेव्हा पडदे, पेट्या, आचारी आणि सारं बिऱ्हाड सोबत असे. अमेरिकेत थिएटरांच्या साखळ्या पक्क्या होत्या आणि एकटादुकटा कलाकार ट्रंक घेऊन त्यांवरून फिरे. पूर्वेकडे कीथ-अल्बी, पश्चिमेकडे ऑर्फियम, वायव्येला आणि कॅनडात सिॲटलच्या अलेक्झांडर पँटेजिस यांची साखळी. १९०६मध्ये कीथ-अल्बींचं युनायटेड बुकिंग ऑफिस निघालं. काम तेच देणार आणि कलाकाराच्या पगारातून पाच टक्के दलालीही तेच कापणार. भांडणाऱ्याला मोठी थिएटरं बंद. कलाकारांच्या 'व्हाइट रॅट्स' या संघटनेने संप केले, पण ते मोडले गेले. काळ्या कलाकारांसाठी १९२०च्या दशकात वेगळी साखळी होती, आणि बर्ट विल्यम्ससारख्या थोर काळ्या नटालाही गोऱ्या प्रेक्षकांसमोर चेहऱ्याला काजळी फासून उभं राहावं लागे. आठवणींत असा उल्लेख आला तर त्याला सौम्य करू नका. 'सर्किट' शब्द मात्र तसाच ठेवा. चित्रपट वितरणातलं 'सीपी-बेरार सर्किट' ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना अर्थ सांगावा लागत नाही.

ही थिएटरं कशी होती ते डोळ्यांनी पाहायचं तर टोरांटोत जावं. यंग स्ट्रीटवर थिएटर-मालक मार्कस लो यांचं थिएटर १५ डिसेंबर १९१३ला उघडलं आणि फेब्रुवारी १९१४मध्ये त्याच्याच डोक्यावर, सात मजले वर, दुसरं: विंटर गार्डन. त्याच्या छताला बीच झाडाची खरी पानं टांगलेली. वरचं थिएटर १९२८मध्ये बंद झालं आणि रंगवलेले पडदे आत तसेच राहिले. डागडुजी होऊन ते १९८९मध्ये पुन्हा उघडलं. आज ही दोन्ही थिएटरं एल्गिन आणि विंटर गार्डन म्हणून चालू आहेत.

'बिग टाइम' म्हणजे दिवसाला दोनच खेळ असलेली, आगाऊ जागा राखता येणारी थिएटरं. तीन, चार, पाच खेळ करावे लागत ते 'स्मॉल टाइम'. इंग्रजीत आज या शब्दांना 'मोठं यश' आणि 'फुटकळ' असे अर्थ चिकटले आहेत, पण तुमच्या लेखकाच्या काळी त्यात आधी राबण्याचा हिशेब होता. म्हणून 'मी मोठा झालो' असं न लिहिता 'दोन खेळांच्या थिएटरांत शिरलो' असं लिहा. त्याचे पाय किती दुखत होते ते त्यात राहील.

आणि पॅलेस म्हणजे राजवाडा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं पॅलेस थिएटर ऑर्फियम साखळीच्या मार्टिन बेक यांनी बांधलं. ते २४ मार्च १९१३ रोजी उघडलं तेव्हा त्याची सूत्रं कीथ-अल्बींकडे गेलेली होती. त्याच वर्षी विख्यात फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट तिथे येऊन गेल्या आणि त्याचं नाव झालं. तिथे आठवडा मिळणं ही धंद्यातली शेवटची पायरी होती. १९३२मध्ये तिथलेही दोन खेळ थांबले आणि सिनेमा आला. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'अखेर मला पॅलेस थिएटरचं बोलावणं आलं.' 'खेळलो' हे क्रियापद गाळा, नाहीतर मराठी वाचकाला मैदान दिसेल.